सूर्य गुडघ्यावर होता

अंकाच्या संपादकांचा फोन आला. "ताई, इंग्लंडात दुभाषी म्हणून इतकी वर्षं काम केलंत, मजेशीर माणसं भेटली असतील. दिवाळी आहे, काहीतरी हलकंफुलकं लिहा." मजेशीर माणसं भेटली. ती आधी उरकते, म्हणजे संपादकांचा शब्द राहील. त्यानंतर मला जे लिहायचं आहे ते लिहिते. ते हलकं नाही.

ब्रिस्टलच्या एका दवाखान्यात सत्तरीच्या एक मराठी बाई यायच्या. आधीच्या भेटीला त्यांचा मुलगाच दुभाष्या झाला होता. डॉक्टर बराच वेळ बोलला आणि मुलाने आईला सांगितलं, "काही नाही, गोळ्या बदलल्यात." बाई मला म्हणाल्या, "अहो, एवढा वेळ तो माणूस काही नाही बोलत होता का? मला दिसत होतं ना! कागदावर हृदय काढून दाखवत होता." त्यानंतर त्यांनी दर वेळी हट्टाने बाहेरचा दुभाषी मागितला. मुलगा कॉरिडॉरमध्ये तोंड फुगवून बसायचा.

दुसरे लाहोरचे एक निवृत्त गृहस्थ. कौन्सिलच्या घराची तक्रार घेऊन यायचे. बॉयलर चालतो का, या प्रश्नाचं उत्तर ते फाळणीपासून सुरू करायचे. मी सगळंच्या सगळं इंग्रजीत आणायची, नियमच तसा आहे. शेवटी कौन्सिलची बाई म्हणायची, "चालतो की नाही, एवढंच विचारा." मी विचारायची. ते दुखावून म्हणायचे, "बीबी, मैं उसी तरफ़ तो आ रहा था."

झाले किस्से.

आता धंद्याबद्दल. मी मूळची औरंगाबादची. वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, घरात उर्दू वर्तमानपत्र यायचं, मी ते वाचत मोठी झाले. नवऱ्याला ब्रिस्टलला विमानाच्या पंखांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथे आले. माझ्या बीएस्सीला इथे कोणी विचारेना. मग एका एजन्सीने परीक्षा घेतली आणि मराठी, हिंदी, उर्दूसाठी माझं नाव नोंदवलं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, दोन भाषा आल्या की झालं. तसं नाही. या कामाचा पहिला नियम असा, की बोलताना 'मी' म्हणजे मी नसते. माणूस म्हणाला, "माझ्या भावाला मारलं," तर मी "याच्या भावाला मारलं असं हा म्हणतो" म्हणायचं नाही. "माझ्या भावाला मारलं," असंच म्हणायचं. दुसरा नियम, घालायचं नाही, गाळायचं नाही, सुधारायचं नाही. माणूस तुटक बोलला तर तुटक, शिवी दिली तर शिवी. तिसरा नियम, समजावून सांगायचं नाही. तुम्ही वकील नाही, प्राध्यापक नाही, नातेवाईक नाही.

नियम चांगले आहेत. माझं भांडण नियमांशी नाही, ते पाळल्याचं नाटक करणाऱ्यांशी आहे.

आश्रय मागणाऱ्यांच्या अपिलांना मी कंटाळून जायचे. बहुतेक पंजाबी, काश्मिरी, अधूनमधून अफगाण. दोन हजार चार-पाचच्या सुमारास ब्रिस्टलला एका ऑफिसच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ही सुनावणी व्हायची. तिथे दौलत भेटला. हे त्याचं खरं नाव नाही, पण तिकडे ते सर्रास असतं. आपल्याकडे दौलतराव असतात, तसंच. वय पस्तिशीच्या आसपास, कातडी उन्हाने रापलेली, डोळे मात्र हिरवट. अफगाणिस्तानच्या बदखशान प्रांतातला. भावाला गावच्या कमांडरने मारल्यावर तो डोंगर ओलांडून पाकिस्तानात गेला, कराचीत तंदूरवर कामाला राहिला आणि तिथे उर्दू शिकला. म्हणून त्याने फारसीऐवजी उर्दूचा दुभाषी मागितला होता. फारसीच्या दोघा दुभाष्यांचा त्याला आधी अनुभव आला होता. कसला अनुभव, ते पुढे येतंय.

बदखशान म्हटल्यावर माझ्या डोक्यात आलं ते शाळेच्या इतिहासातलं. मुघलांची फौज तिकडे गेली आणि थंडीने हैराण होऊन परतली. नंतर मी चिडून लायब्ररीतून पुस्तकं मागवून वाचली. तेव्हा कळलं, की हा प्रांत म्हणजे एक लोक नाहीच. खाली मोठ्या खोऱ्यात ताजिक आणि उझबेक. वर नदीच्या काठाने दऱ्यादऱ्यांत वेगळे लोक, शुग्नी, इश्काशिमी, मुंजी. प्रत्येकाची भाषा निराळी, पलीकडच्या दरीतल्याला न कळणारी. त्याही वर वखान नावाची चिंचोळी पट्टी. तिथे दौलतचे वखी लोक जव आणि वाटाणा पेरतात, आणि त्यांच्याही डोक्यावर, जिथे झाडही उगवत नाही, तिथे किरगीझ याक चारतात. बाकीचा प्रांत सुन्नी, हे नदीकाठचे बरेचसे इस्माइली शिया. मशिदी नाहीत, जमातखाने. त्यामुळे खालच्या कमांडरांना यांना लुटायला धर्माचं निमित्तही मिळायचं.

आणि ती पट्टी तशी चिंचोळी का? इंग्रज आणि रशियन, दोघांना एकमेकांची सरहद्द अंगाला लागू द्यायची नव्हती. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोघांनी बसून मधे अफगाणिस्तानची एक फित ठेवली आणि नदीवर रेघ मारली. वखी लोकांना कोणी विचारलं नाही. नदीच्या या काठावर भाऊ, त्या काठावर, आजच्या ताजिकिस्तानात, बहीण.

हे मी का सांगतेय? कारण सुनावणीत गृहखात्याची बाजू मांडायला आलेला गोरा तरुण पहिला प्रश्न काय विचारतो, तर, "तुमची मावशी ताजिकिस्तानात आहे म्हणता. मग तुम्ही नक्की कुठल्या देशाचे?"

मी उर्दूत विचारलं. दौलत म्हणाला, "मावशी कुठे गेली नाही. तिच्या घरासमोर नदी आहे, ती तिथेच होती. देश नंतर आला."

मी तसंच इंग्रजीत म्हटलं. न्यायाधीश वयस्कर होते, सर्दीने बेजार. त्यांनी मान वर केली आणि लिहून घेतलं. तरुण पुढे गेला.

खरा मुद्दा तारखेचा होता. दौलतचं सगळं प्रकरण एका दिवसावर उभं होतं, ज्या दिवशी त्याच्या भावाला अंगणातून नेलं आणि नदीच्या वाळूत मारलं त्यावर. ज्याने मारलं तो कमांडर आता त्याच जिल्ह्यात पोलिसप्रमुख झाला होता. हे खरं मानलं तर दौलत इथे राहणार. खोटं मानलं तर त्याला विमानात बसवून त्याच माणसाच्या हवाली करणार. यात तिसरं काही नव्हतं.

तरुणाने दोन मुलाखतींची टिपणं पुढे केली. "पहिल्या मुलाखतीत तुम्ही सांगितलंत, मार्चचा शेवट. दुसरीत सांगितलंत, मेचा मध्य. भावाचा खून कधी झाला हे माणूस विसरतो का?"

दौलत म्हणाला, "मैंने तारीख़ बताई ही नहीं."

"दोन्ही कागदांवर तुमची सही आहे."

"सही आहे. तारीख माझी नाही. दोन्ही वेळेस मी एकच सांगितलं. सूर्य गुडघ्यावर होता, चढत होता."

मी शब्दाला शब्द ठेवून म्हटलं, "द सन वॉज ॲट द नी. इट वॉज क्लाइंबिंग."

तरुण हसला. मोठ्याने नाही, त्या लोकांचं ते नाकातलं हसू असतं. "कोणाच्या गुडघ्यावर?"

मी विचारलं, "किसके घुटने पर?"

दौलतने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की सोमवार कोणाचा. "मर्द के."

"ऑफ द मॅन," मी म्हटलं.

तरुणाने पेन खाली ठेवलं. न्यायाधीशांनी नाक पुसलं आणि मला विचारलं, "मॅडम इंटरप्रिटर, ही उर्दूतली म्हण आहे का?"

माझं उत्तर मला आजही तोंडपाठ आहे, कारण नंतर ते माझ्याविरुद्ध वापरलं गेलं. मी म्हटलं, "नाही, सर. उर्दूत असं काही नाही. मी शब्दशः सांगितलं. अर्थ हवा असेल तर तो यांना विचारावा लागेल, मला नाही."

न्यायाधीशांनी त्याला विचारलं.

दौलत उभा राहिला. त्याने स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवायला सुरुवात केली. हिवाळ्याच्या कडाक्यात सूर्य थांबलेला असतो. मग तो माणसात शिरतो. आधी पायाच्या नखात. तिथे काही दिवस. मग पावलात, घोट्यात, नडगीत, गुडघ्यात. असा वर चढत जातो. मांडी, कंबर, छाती, गळा, कपाळ. डोक्यात पोचला की उन्हाळा. मग तिथे ठरावीक दिवस मुक्काम करतो आणि उलटा उतरायला लागतो. घराच्या छपराला मधोमध झरोका असतो. त्यातून येणारं ऊन कुठल्या खुणेवर पडतं ते बघायचं, किंवा समोरच्या कड्याच्या कुठल्या दातामागून सूर्य निघतो ते. गावात एक म्हातारा असतो, तो हिशोब सांभाळतो. जव कधी पेरायचे, गुरं वर कधी न्यायची, सगळं त्यावर. वरच्या गावात कडा उंच, म्हणून तिथे सूर्य उशिरा शिरतो. त्यामुळे त्यांचा गुडघा आमच्या गुडघ्याच्या नंतर.

"वरच्या गावाच्या मौतीला जायचं असलं," तो म्हणाला, "तर आधी विचारतो, तुमचा की आमचा?"

मी हे सगळं इंग्रजीत आणत होते. माझ्या लक्षात आलं होतं, की मुलाखतींत काय घडलं.

मला ती खोली माहीत होती. मी तशा अनेक खोल्यांत बसले आहे. अधिकाऱ्यापुढे छापील प्रश्न असतात आणि तारखेसाठी रिकामी जागा असते. ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अधिकारी म्हणतो, "साधारण कधी, ते विचारा." माणूस काहीतरी सांगतो, जे त्या जागेत मावत नाही. मग दुभाष्या मदत करतो. शहरात शिकलेला, काबूलचा नाहीतर हेरातचा. त्याला त्या डोंगरातल्या माणसाची थोडी लाजही वाटते, गोऱ्या साहेबासमोर काय हे गावंढळ. तो मनात हिशोब करतो, सूर्य, चढतोय, म्हणजे वसंत. आणि म्हणतो, "मार्चचा शेवट." दुसरा दुभाष्या दुसऱ्या मुलाखतीत त्याच वाक्यावरून म्हणतो, "मेचा मध्य." दोघंही घरी जाऊन शांत झोपले असतील. कुणी खोटं बोललं नाही. दोघांनी सुधारलं. आणि त्या सुधारणेची शिक्षा दौलतला.

तरुणाने शेवटचा प्रयत्न केला. "ठीक आहे. आता तुमचा गुडघा म्हणजे कुठली तारीख, ते सांगा."

दौलत बसला. शांतपणे म्हणाला, "नाही सांगणार."

"का?"

"माझी जन्मतारीखसुद्धा तुम्हीच टाकलीत. एक जानेवारी. इथे माझ्याबरोबर घरात चौघं अफगाण राहतात, चौघांचा जन्म एक जानेवारीचा. त्याबद्दल आम्हाला कोणी खोटारडं म्हटलं नाही. आता भावाच्या मरणाची तारीख मी माझ्या तोंडाने बनवणार नाही."

मी ते सगळं इंग्रजीत आणलं. आवाज माझा सपाट होता.

सुनावणी संपली. दुभाष्याला निकाल कळवत नाहीत. हा या धंद्यातला सर्वांत वाईट भाग. तुम्ही तासन्‌तास दुसऱ्याच्या तोंडाने 'मी, मी' म्हणायचं आणि मग 'मी'चं काय झालं ते कधीच कळत नाही. दौलतने जाताना छातीवर हात ठेवून "बाजी", म्हणजे ताई, एवढंच म्हटलं. मी पार्किंगचे पैसे भरून घरी आले आणि कुकर लावला.

पंधरवड्यात एजन्सीच्या बाईचा फोन. खात्याकडून तक्रार आली होती, इंटरप्रिटरने न्यायाधीशांना प्रश्न सुचवला.

मी म्हटलं, "त्यांनी मला विचारलं, मी माहीत नाही म्हटलं. म्हण आहे असं खोटं सांगायला हवं होतं का?"

"डिअर, यू कुड हॅव जस्ट गिव्हन अ डेट," ती म्हणाली. तारीख देऊन टाकायचीस.

मी तिला सांगितलं की तारीख देणं हाच गुन्हा आहे, आणि तोच झालाय. तिने हूं हूं केलं. मला काढलं नाही. इथे काढत नाहीत. फक्त फोन वाजायचा बंद होतो.

त्याच सुमाराला मेडनहेडला शुभदाकडे जेवायला गेलो होतो. शुभदा माझी कॉलेजची मैत्रीण, तिचा नवरा अविनाश पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. आठ-दहा जण होते, सगळे शिकलेले, बरेचसे वर्क व्हिसावर आलेले. पुरणपोळी झाली आणि विषय निघाला असायलमवाल्यांचा.

"आपण टॅक्स भरायचा आणि हे फुकट राहणार," अविनाश म्हणाला. "आपल्याला व्हिसाला किती डॉक्युमेंट्स द्यावी लागली! यांच्याकडे काय असतं? नुसत्या स्टोऱ्या."

मी नाव, गाव न सांगता तारखांचा घोळ सांगितला.

"मग, बघ ना! केस जेन्युइन असती तर डेट्स मॅच झाल्या असत्या. सिंपल आहे गं."

मी हातातली वाटी खाली ठेवली. "अविनाश, तुझ्या बाबांचा वाढदिवस कधी?"

"एक जून. का?"

"आणि मोठ्या काकांचा?"

शुभदा हसायलाच लागली. "एक जून! आणि आत्यांचाही एक जून. आमच्या सासरी केक एकच आणतात."

"ते वेगळं आहे," अविनाश म्हणाला. "शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी टाकली. तेव्हा सगळ्यांचीच तशी टाकायचे."

"बरोब्बर. टाकली. त्यावर नोकरी झाली, पेन्शन झालं, पासपोर्ट झाला. त्या पासपोर्टवर गेल्या वर्षी तू त्यांना इथे आणून किल्ले दाखवलेस. एअरपोर्टवर कोणी विचारलं का, की काय हो, तिघं भावंडं एकाच तारखेला कशी? केस जेन्युइन आहे का?"

"तू पर्सनल घेतेयस."

"घेणारच. तुझे वडील खोटारडे नाहीत म्हणून घेतेय."

कोणीतरी मसाला दूध आणलं. विषय कुठल्या भागात घर घेतलं की कुठली शाळा मिळते, त्या कॅचमेंटवर गेला. परत येताना गाडीत नवरा म्हणाला, "जरा जास्त झालं." माझ्या मते कमी झालं होतं. जी माणसं स्वतः सोयीने टाकलेल्या तारखांवर इथवर आली, त्यांनी दुसऱ्याला तारखेवरून खोटं ठरवावं? पोटभर जेवून? तेव्हापासून मेडनहेडला फारसं जाणं झालं नाही. शुभदा एकटी असेल तेव्हा भेटतो.

निकाल मला कळला तो दौलतच्या वकिलीणबाईंकडून. रिअन, वेल्सची, तिशीतली, सतत धावपळीत. एजन्सीचं काम थांबल्यामुळे आता तिने माझ्याशी बोलायला हरकत नव्हती. फोनवर तिने मला एक परिच्छेद वाचून दाखवला. अपील फेटाळलं होतं.

का फेटाळलं? न्यायाधीशांनी दौलतची पद्धत खरी मानली! असं दिवस मोजणं त्या भागात असतं, यावर त्यांचा विश्वास बसला होता. आणि म्हणूनच, त्यांनी लिहिलं होतं, ज्याच्याकडे दिवस मोजण्याची इतकी काटेकोर रीत आहे, त्याला मुलाखतीत नेमकी तारीख देता यायला हवी होती. ती दिली नाही, यावरून तो काही लपवतो आहे.

मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा वाचलं. मला वाटतं, माझ्या आयुष्यात एवढी मूर्ख आणि एवढी व्यवस्थित वाक्यं मी कधी ऐकली नाहीत. रीत नसती तर अडाणी. रीत आहे तर लबाड.

"फेरविचार मागितला आहे," रिअन म्हणाली. "मिळाला तर दुसरे न्यायाधीश असतील. ओपन हिअरिंग असतं, कोणीही मागे येऊन बसू शकतं. मी फक्त सांगतेय."

फेरविचार मिळाला. मी मागे जाऊन बसले.

इतकी वर्षं त्या खोल्यांत बसले, पण पहिल्यांदाच माझं काही काम नव्हतं. दौलत वाळला होता. मधल्या काळात तो दर आठवड्याला पोलिस स्टेशनात हजेरी लावत होता. त्याने मला पाहिलं, ओळख दाखवली नाही, शहाणपणा केला. या वेळी न्यायाधीश बाई होत्या, माझ्याच वयाच्या, केस बारीक कापलेल्या. उर्दूचा दुभाषी एक चटपटीत तरुण होता, टाय वगैरे. इंग्रजी माझ्यापेक्षा सरस.

रिअनने सुरुवातीलाच विचारलं, "तुमच्या भावाला कधी नेलं?"

दौलत म्हणाला, "सूरज मर्द के घुटने पर था, चढ़ रहा था."

आणि तो चटपटीत मुलगा न अडखळता इंग्रजीत म्हणाला, "साधारण मार्चअखेर."

खरं सांगते, मला काही सेकंद वाटलं माझ्याच कानांचं काही चुकलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याने कोर्टाचा वेळ वाचवला होता. रिअनला उर्दू येत नव्हतं. दौलतला इंग्रजी इतकं येत नव्हतं. त्या खोलीत दोन्ही कळणारे दोघंच होते. एक टायवाला, आणि एक मागे बसलेली, जिला बोलायची परवानगी नव्हती.

मी उभी राहिले. "मॅडम, ते असं म्हणाले नाहीत."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"मी प्रेक्षक आहे. त्यांनी तारीख सांगितली नाही. ते म्हणाले, सूर्य माणसाच्या गुडघ्यावर होता आणि चढत होता. आधीच्या दोन मुलाखतींत हेच घडलं. आता तिसऱ्यांदा घडलं, तुमच्यासमोर."

खात्याची बाजू मांडणारा उठला. टायवाला लालबुंद. "मी अर्थ सांगितला, मॅडम. कोर्टाला उपयोगी पडेल असा."

"तुला अर्थ विचारला होता का?" हे मी उर्दूत म्हटलं. चुकलंच, पण म्हटलं.

"मॅडम, कृपया बाहेर थांबा," न्यायाधीशबाई मला म्हणाल्या. चिडलेल्या वाटल्या नाहीत. शिपायाने दार उघडलं.

बाहेर चहाचं मशीन होतं. मी चहा घेतला, तो वाईट होता, तरी प्यायले. दार जाड, आतलं काही ऐकू येत नव्हतं. मुलीला फोन करून सांगितलं की उशीर होईल. ती ब्रिस्टललाच वाढलेली, तिचं मराठी तसंच. "आई, तू कोर्टमध्ये ओरडला?" तिने विचारलं.

"ओरडले नाही. बोलले."

"सेम थिंग, आई. तुझ्या केसमध्ये सेम थिंग आहे."

बऱ्याच वेळाने रिअन बाहेर आली. तिने मला सांगितलं, की बाईंनी टायवाल्याला प्रत्येक उत्तर शब्दशः पुन्हा म्हणायला लावलं. मग टिपणं पुढे ओढून विचारलं, "पहिल्या मुलाखतीत आपण हेच वाक्य म्हणालात? दुसरीतही?" दौलत म्हणाला, हो. मग त्या खात्याच्या माणसाकडे वळल्या, "तर या गृहस्थांनी तीन वेळा एकच गोष्ट सांगितली आणि आपल्याला तीन दुभाष्यांच्या अंदाजांतून दोन तारखा मिळाल्या. विसंगती नक्की कोणाची आहे?" तो म्हणाला, खात्याकडून सूचना घेऊन सांगतो. बाई म्हणाल्या, घ्या.

काही आठवड्यांनी अपील मंजूर झालं. दौलतला इथे राहायला मिळालं. खात्याने पुढे आव्हान दिलं नाही.

इथे थांबले असते तर संपादकांनाही बरं वाटलं असतं.

निकालपत्र घेऊन दौलत रिअनच्या ऑफिसात आला तेव्हा तिने मला बोलावलं होतं, वाचून दाखवायला. पैसे न घेता गेले. मी एकेक परिच्छेद उर्दूत सांगत होते. बाईंनी फार चांगलं लिहिलं होतं. नदीबद्दल, दोन काठांबद्दल, कमांडरबद्दल. त्याच्या मोजणीबद्दल जवळजवळ एक पान, कुठेही टिंगल नाही. आणि मग शेवटून दुसरा परिच्छेद. 'वरील सर्व पुरावा विचारात घेता मी असं मानते, की अपीलकर्त्याच्या भावाची हत्या मार्चच्या अखेरच्या आठवड्यात किंवा त्या सुमारास झाली.'

मी वाचता वाचता थांबले.

"क्या हुआ, बाजी?"

मी नियमाप्रमाणे, गाळता सुधारता न येण्याच्या नियमाप्रमाणे, त्याला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

त्याने मनात काही ताडून पाहिलं असावं, त्याच्या गावचा कडा, झरोका, खूण. मग म्हणाला, "ग़लत है."

"किती?"

"थोडंच. पण त्या दिवशी नाही." मग त्याने कागदाची घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवली. "चलेगा, बाजी. काग़ज़ इनका है. मरा तो मेरा भाई है, मुझे मालूम है कब."

रिअनने मला विचारलं, काय म्हणतोय? मी तिला शब्दशः सांगितलं. ती म्हणाली, दुरुस्ती मागता येईल, पण आता निकाल हलवणं धोक्याचं. बरोबर होतं तिचं. दौलतनेही मान हलवली. राहायला मिळालं होतं. समजूतदार माणसाने तिथे थांबावं.

त्याला चाललं. रिअनला चाललं. मला नाही चाललं, आणि अजूनही चालत नाही.